घरातली लष्करी पत्रं आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी : ठेवायच्या कुठे, द्यायच्या कुणाला?

भगूरची_सून

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

सासरे तोपखान्यात होते. १९६३ला भरती झाले, हवालदार म्हणून निवृत्त झाले, मागच्या वर्षी गेले. माळ्यावरची काळी ट्रंक उघडली तर आत त्यांनी घरी पाठवलेली पत्रं निघाली, वर्षावार सुतळीने बांधलेली. बहुतेक आंतर्देशीय, काही बिनतिकिटाची लष्करी, मनीऑर्डरची कुपनं, दोन तारा. सासूबाईंनी हे सगळं जपलंय याचा आम्हाला पत्ताच नव्हता.

आता घरात तट पडलेत. दीर म्हणतात, नवराबायकोची पत्रं आहेत, चारचौघांत कशाला, गंगेत सोडून द्या. नणंदेचा मुलगा इतिहासात एम.ए. करतोय, त्याला सगळी स्कॅन करून नेटवर टाकायची आहेत ("मामी, सोर्स मटेरियल आहे हे!"). मिस्टरांना वाटतं एखाद्या वाचनालयाला द्यावीत. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत, कान-डोळे शाबूत आहेत, पण हा विषय निघाला की उठून देवघरात जातात.

कोणी असं काही केलंय का? मूळ पत्रं द्यावीत की प्रती? आणि मुळात द्यावीत का?

दारणाकाठ

गंगेत सोडू नका एवढं नक्की. बाकी जाणकार सांगतीलच. वाचतोय.

निवृत्त_तोपची

जय हिंद ताई. मीही तोपखान्यातलाच, तुमच्या सासऱ्यांच्या पुढच्या पिढीतला.

फील्डमध्ये डाक यायची ती संध्याकाळच्या रोल कॉलला वाटायचे. नाव पुकारलं की जवान असा धावायचा की परेडला कधी धावला नसेल. ज्याचं नाव आलं नाही तो लंगरकडे तोंड करून उभा. पत्र एकाचं, ऐकणारे दहा. मराठी पत्र बंगाली जवानालाही वाचून दाखवायचं, समजलं नाही तरी तो "और?" म्हणायचा.

आपण कुठे आहोत ते लिहायचं नाही हा नियम. पत्त्यात नंबर, रँक, नाव, युनिट आणि मार्फत ५६ ए.पी.ओ. (आर्मी पोस्ट ऑफिस). पूर्वेकडे असलात तर ९९. आमच्या सौभाग्यवतींना लग्नानंतर कितीतरी दिवस वाटत होतं की छप्पन्न एपीओ हे पंजाबातलं एखादं गाव असणार.

म्हणून पत्रांत लढाई शोधू नका, सापडणार नाही. "मी खुशाल आहे. इकडे थंडी आहे. बैलाचं काय झालं? दादाला सांगणे की विहिरीचं काम पावसाआधी उरकावे." पत्रात गाव असतं, फौज नसते. फौज पाहिजे असेल तर त्यांचं डिस्चार्ज बुक काढा. त्यात आर्मी नंबर, सर्व्हिस, पदकं सगळं मिळेल. तोपचींची नोंद ठेवणारं अभिलेख कार्यालय आपल्या नाशिक रोड कॅम्पातच आहे, नात्यातल्या माणसाने रीतसर अर्ज करावा. पत्रातले लष्करी शॉर्टफॉर्म लागले नाहीत तर इथे टाका, मी सांगतो.

टपालखुणा

निवृत्त_तोपची, "कुठे आहे ते कळणार नाही" याला एक पळवाट आहे. :)

५६ ए.पी.ओ. सगळ्यांना सारखंच, पण फील्ड पोस्ट ऑफिसचा जो गोल शिक्का बसतो त्यात त्या ऑफिसचा नंबर असतो. कोणता नंबर कोणत्या काळात कुठे होता याच्या याद्या लष्करी टपाल जमवणाऱ्यांकडे असतात. शिक्क्यावरची तारीख आणि नंबर जुळवला की पत्र साधारण कुठून निघालं ते बरेचदा कळतं. पत्राच्या वर "मु. फील्ड एरिया" एवढंच लिहिलेलं असलं तरीही.

म्हणून ताई, हात जोडून विनंती : तिकिटं कापून घेऊ नका, कोणालाही कापू देऊ नका. लष्करी पत्रांची पाकिटं आली असतील तर तीही पत्राबरोबरच ठेवा. सुतळी काढा (कडा कापते), पण बांधणीचा क्रम मोडू नका. कोणती पत्रं कोणत्या जुडीत होती हे तुमच्या सासूबाईंनी ठरवलेलं आहे, तीही माहितीच आहे. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर अजिबात नको. टाचण्या असतील तर गंजायच्या आत काढा. डांबरगोळ्याही काढून टाका. घड्या उघडून सपाट ठेवा आणि स्कॅन करताना दोन्ही बाजू घ्या, कोरी बाजूसुद्धा.

जाता जाता नाशिककरांसाठी : सिक्युरिटी प्रेस १९२५ची, आणि १९२६पासून देशाची टपाल तिकिटं इथे छापली जाऊ लागली. त्याआधी ती इंग्लंडहून छापून यायची. पोस्टकार्डं, आंतर्देशीय पत्रं हेही प्रेसचंच काम. म्हणजे नाशिक रोडहून निघालेला कोरा कागद देशभर फिरून कुठल्यातरी तोफेमागे बसून लिहिला जायचा आणि परत नाशिक तालुक्यातच यायचा.

खवय्या_गंगापूररोड

आणि आम्ही प्रेसवाल्यांच्या कॉलनीत वाढूनही पोस्टकार्ड विकतच घ्यायचो. ओळखीचा काडीचा उपयोग नाही.

सरळसोट

मी दिरांच्या बाजूने. हल्ली प्रत्येक ट्रंकेत लोकांना इतिहास दिसतो. त्या माणसाने पत्र बायकोला लिहिलं होतं, संशोधकाला नाही. सैनिक होता म्हणून त्याचं खासगी आयुष्य सार्वजनिक झालं का? गेलेल्या माणसाची परवानगी कोण काढून देणार?

कोर्टकचेरी

सरळसोट, भावना बाजूला ठेवून कायदा सांगते. पत्राचा कागद ज्याला पत्र आलं त्याचा, म्हणजे सासूबाईंचा. मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा, तो आता वारसांकडे. म्हणजे भाच्याने एकट्याने स्कॅन करून नेटवर टाकणं बसत नाही, आणि दिरांनी एकट्याने गंगेत सोडणंही बसत नाही. पहिला शब्द सासूबाईंचा. त्यांना कोणी विचारलंय का नीट बसून?

येवलेकर

धाग्यातल्या "कुठे द्यायची" या प्रश्नाला एक जुना दाखला देतो, थोडं लांबेल.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रं सेन्सॉर उघडायचे. कोणत्या पत्रात काय मनःस्थिती दिसते ते सरकारला कळावं म्हणून निवडक उतारे इंग्रजीत भाषांतर करून अहवाल तयार व्हायचे. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि संशोधक त्यावर पुस्तकं लिहितात. मूळ पत्रं मात्र पुढे घरी गेली, आणि घरी गेलेली बहुतेक सगळी नाहीशी झाली. आपल्या माणसाने आपल्या भाषेत लिहिलेलं गेलं, साहेबाने हेरगिरीसाठी केलेलं भाषांतर उरलं.

मराठा पलटणींचं तर आणखी वेगळं. त्यांचा मोठा भाग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होता. कुटच्या वेढ्यात अडकलेली डिव्हिजन नावानेच पूना डिव्हिजन. २९ एप्रिल १९१६ला तिने शरणागती पत्करली, तेरा हजारांच्या आसपास माणसं तुर्कांच्या कैदेत गेली, त्यातली कित्येक वाळवंटातल्या पायपिटीत आणि छावण्यांत मेली. बसऱ्याच्या स्मारकात चाळीस हजारांवर माणसांची नोंद आहे. गोऱ्यांची नावं कोरली, आपले अधिकारी कोरले, आणि साध्या हिंदी शिपायांची? पलटणीपुढे फक्त आकडा.

आमच्या पणजोबांचे थोरले भाऊ त्यातलेच. घरात त्यांचं एकही पत्र नाही. गावातल्या जुन्या संगमरवरी पाटीवर "या गावातून इतके गेले, इतके परतले नाहीत" एवढं आहे, तिथेही आकडाच. अशा पाट्या महाराष्ट्रात पुष्कळ गावांत आहेत, चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत. आपल्या गावात असेल तर रंगाने बुजण्याआधी फोटो काढून ठेवा.

एवढं सांगायचं कारण, सरळसोट, खासगीपणा मलाही कळतो. पण ज्यांचं खासगी काहीच उरलं नाही त्यांच्या घरात बसून बघा एकदा.

सरळसोट

येवलेकर, प्रतिसाद उत्तम, पण मुद्दा तोच राहतो. शंभर वर्षांनी वाचणं वेगळं आणि बायको हयात असताना वाचणं वेगळं.

गावकुसाबाहेरून

चर्चा "सैनिकाचं घर म्हणजे पत्रांची ट्रंक" असं धरून चाललीय. प्रत्येक सैनिकाच्या घरात ट्रंक नव्हती.

महारांची लष्करात पिढ्यान्‌पिढ्यांची नोकरी, पण १८९०च्या सुमारास इंग्रजांनी भरतीच बंद केली. मग पेन्शनीत निघालेले हवालदार, जमादार अर्ज लिहायला बसले. गोपाळबाबा वलंगकर स्वतः निवृत्त हवालदार. १९१०मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनीही सरकारकडे भरतीसाठी अर्ज पाठवला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ला १११वी महार पलटण उभी केली आणि काम झाल्यावर १९२१ला मोडून टाकली. महार रेजिमेंट आली ती थेट १९४१ला. आमच्या समाजाचा "लष्करी पत्रव्यवहार" शोधायचा असेल तर तो असा अर्जांत आहे. त्यात खुशाली नाही. आमच्या बापजाद्यांनी तुमच्यासाठी रक्त सांडलं, आता दार का लावता, असा सवाल आहे.

घरचं सांगायचं तर माझे पणजोबा पलटणीतले पेन्शनर. १९३०ला काळारामाच्या सत्याग्रहात ते होते असं आजी सांगायची. बूट घालून, पदक लावून गेले म्हणायची. कागद एक नाही. पदक एका दुष्काळात विकलं. आजीचं सांगणं तेवढं आहे आणि तेही मी रेकॉर्ड केलं नाही, कारण तेव्हा रोज ऐकायला मिळत होतं.

रेकॉर्डवाली

गावकुसाबाहेरून, अगदी हेच लिहायला आले होते. पत्रं थांबतील, माणसं थांबणार नाहीत.

निफाड-चांदवड भागातल्या माजी सैनिकांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या आठवणी मी गेली काही वर्षं ध्वनिमुद्रित करतेय. संस्था वगैरे काही नाही, मोबाईल आणि एक कॉलर माइक. काही गोष्टी हाताला लागल्यात त्या सांगते.

पंखा बंद करा. हे सगळ्यात आधी. नाशिकच्या उन्हाळ्यात अवघड आहे, पण पंख्याखाली केलेलं रेकॉर्डिंग नंतर ऐकवत नाही. कुकरच्या शिट्ट्या चालतात, त्या पुढे गोड वाटतात.

सालं विचारू नका. "अमुक साली तुम्ही कुठे होतात" म्हटलं की माणूस परीक्षेला बसल्यासारखा घाबरतो. त्यापेक्षा "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा?" "बहात्तरच्या दुष्काळात?" असं विचारा. एका आजोबांना भरतीचं साल आठवेना, पण "यशवंतराव दिल्लीला गेले आणि आपल्या नाशकातून बिनविरोध निवडून आले, तेव्हा मी रंगरूट होतो" म्हणाले. झालं की, १९६३.

"तुम्हाला कसं वाटलं?" हा टीव्हीवाल्यांचा प्रश्न कटाक्षाने टाळा. पदक, किटबॅग, फोटो, मेसचा मग, काहीतरी हातात द्या आणि गप्प बसा. आपल्याला शांततेची भीती वाटते, त्यांना नाही वाटत.

परवानगी रेकॉर्डिंगमध्येच बोलून घ्या : कशासाठी, कोण ऐकणार, कोणता भाग ऐकवायचा नाही. आणि मूळ फाईल जशीच्या तशी ठेवा, काटछाट करायची ती प्रतीवर. दोन ठिकाणी साठवा, त्यातलं एक घराबाहेर.

बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात पहिल्या महायुद्धातल्या हिंदी युद्धकैद्यांचे आवाज आहेत. जर्मन भाषातज्ज्ञांनी छावणीत जाऊन कैद्यांना भोंग्यापुढे उभं करून मुद्रित केले. त्यांना भाषेचे नमुने हवे होते, माणसांचं त्यांना काही नव्हतं. तरी एक पंजाबी शिपाई, मल सिंग, त्यात बोलून गेला की त्याला हिंदुस्थानात परत जायचंय, लोणी खायचंय. शंभरहून जास्त वर्षं तो आवाज टिकलाय. आपल्या घरातल्यांसाठी आपण पंखा तरी बंद करू शकतो.

कॅम्पातला_पोऱ्या

जबरी धागा. मी देवळाली कॅम्पातला, त्यामुळे फौजेच्या "कम्युनिटी लाईफ"वर माझा जन्मसिद्ध हक्क.

लोकांना कॅम्प म्हणजे फक्त जवान वाटतात. आमच्याकडे फौजेवर जगणारी अख्खी दुनिया होती. कपडे धुणारे, दूध घालणारे, शिंपी, बेकरीवाले, भगूर-संसरीहून भाजी आणणाऱ्या बायका. फाळणीनंतर सिंधी निर्वासित इथल्या बराकींत येऊन राहिले, त्यांनी बाजाराचा नूरच पालटला. आमच्या शेजारच्या सिंधी आजी बराकीत चादरींचे पडदे लावून केलेल्या खोल्यांचं असं वर्णन करायच्या की वाटायचं आत्ताच शेजारचा खोकला ऐकू येईल. त्यांचंही रेकॉर्डिंग कोणी केलं नाही.

आणि तोफा! रेंजवर फायरिंग सुरू झालं की आमच्याकडे तावदानं वाजायची. लोहशिंगवे, वंजारवाडीकडची म्हातारी माणसं आवाजावरून तोफ ओळखतात. पाहुणे दचकायचे, आम्ही चहा ओतत राहायचो.

आमचे आजोबा कॅन्टीनला माल पुरवायचे. ते सांगायचे, बासष्टच्या युद्धात चिनी लोकांना पकडून इथेच देवळालीच्या छावणीत ठेवलं होतं. याची कोणाकडे माहिती आहे का?

टपालखुणा

कॅम्पातला_पोऱ्या, ती देवळाली नव्हे. १९६२ला आसाम वगैरे भागातल्या चिनी वंशाच्या लोकांना ठेवलं ते राजस्थानातल्या देवळीला. हा घोटाळा छापील लेखांतही बघितलाय.

आपल्या देवळालीत स्थानबद्ध होते ते दुसऱ्या महायुद्धातले जर्मन. पुढे तिबेटात जाऊन गाजलेला गिर्यारोहक हाइनरिश हारर आधी अहमदनगरला, मग देवळालीला आणि तिथून डेहराडूनच्या छावणीत गेला, तिथून पळाला.

कॅम्पातला_पोऱ्या

म्हणजे आमच्या छावणीचं जेवण त्याला आवडलं होतं, डेहराडूनचं नाही. आजोबांना कळवायला आता वर जावं लागेल, सध्या घाई नाही.

सरळसोट

बघा. ही तुमची मौखिक इतिहासाची विश्वासार्हता.

रेकॉर्डवाली

सरळसोट, उलट. आजोबांनी काहीतरी बघितलंय : तारेचं कुंपण, आत परकी माणसं. देश आणि साल नंतर वर्तमानपत्रातलं चिकटलं असेल. चुकीची आठवणसुद्धा जशी सांगितली तशीच ठेवायची, दुरुस्ती वेगळ्या कागदावर. पत्रं तरी कुठे खरं बोलतात? निवृत्त_तोपची यांनीच वर लिहिलंय, सगळे "मी खुशाल आहे" लिहायचे.

माहेर_सिन्नर

इतका वेळ वाचत होते, आता राहवलं नाही म्हणून लिहिते.

सगळे सैनिकाने लिहिलेल्या पत्रांबद्दल बोलताय. त्याला आलेल्या पत्रांचं काय? माझ्या वडिलांची पत्रं आमच्या घरी आहेत. आईची त्यांना गेलेली पत्रं एकही नाही. बदली झाली की किटबॅगेत मावेल तेवढंच सामान, बाकी जाळून पुढे जायचं. प्रत्येक घरात असंच असणार. म्हणजे पुरुषाचा आवाज ट्रंकेत उरला आणि बाईचा कुठल्यातरी बराकीच्या मागे राख झाला. उद्या कोणी अभ्यास केला तर त्याला वाटेल या बायका नुसत्या पत्रं घेत होत्या.

त्यात माझ्या आईला लिहिता येत नव्हतं. गावातले गुरुजी लिहून द्यायचे. गुरुजी सासऱ्यांच्या ओळखीचे, सासू शेजारी बसलेली, सांगणार काय? "सर्व मंडळी खुशाल, काळजी नसावी." मग आई-बाबांनी रजेत एक खूण ठरवली होती. घरात त्रास वाढला की आई सांगायची, "लिहा गुरुजी, परसातल्या लिंबाला कीड लागली." गुरुजी बिचारे एकदा औषध फवारायचा सल्लाही देऊन गेले. बाबांचं पुढचं पत्र आजोबांच्या नावाने यायचं, सूनबाईला काही दिवस माहेरी पाठवावे म्हणून. बाबांच्या पत्रांत हे पत्र आहे. लिंबाचं नाही. ते आईने सांगितलं म्हणून मला माहीत.

भगूरची_सून, तुमच्या ट्रंकेत फार तर अर्धा संवाद आहे. उरलेला अर्धा देवघरात जाऊन बसतोय.

निवृत्त_तोपची

माहेर_सिन्नर, सलाम. आमच्या बॅटरीत (तोफांच्या तुकडीत) एकाच्या पत्रात दर वेळी "म्हैस आटली" असायचं. आम्ही त्याला म्हणायचो, नवी म्हैस घे की लेका. आज कळतंय.

खवय्या_गंगापूररोड

मी विनोद करायला आलो होतो. परत जातो.

जुनापुराणा

संस्थांना द्यावं म्हणणाऱ्यांसाठी थोडं थंड पाणी. आमच्या काकांची युद्धकाळातली रोजनिशी आम्ही एका संस्थेला दिली होती, नाव घेत नाही. पोच नाही, नोंद नाही. पुढे पदाधिकारी बदलले, जागा बदलली. आता विचारलं तर "असं काही आमच्याकडे आलेलं नाही" म्हणतात. भावनेच्या भरात मूळ कागद देऊ नका.

कोर्टकचेरी

जुनापुराणा, म्हणून साधं का होईना, दानपत्र करायचं. किती कागद, कोणत्या तारखा, मूळ की प्रत, कोणाला बघता येईल, कोणता भाग अमुक वर्षं बंद ठेवायचा, संस्था बंद पडली तर कागद कोणाकडे परत. दोन प्रती, सही-शिक्का. घेणारी संस्था यावर सही करायला कुरकुर करत असेल तर तिथेच उत्तर मिळालं.

"बंद ठेवणं" यात लाजण्यासारखं काही नाही. संरक्षण मंत्रालयाचं २०२१चं धोरणसुद्धा हेच म्हणतं की युद्धाची कागदपत्रं साधारण पंचवीस वर्षांनी खुली करावीत. सरकार थांबू शकतं तर भाचेबुवाही थांबतील.

येवलेकर

संस्था सगळ्या सारख्या नसतात. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं आहे, जुन्या पोथ्या आणि वस्तूंचा संग्रह तिथे पिढ्यान्‌पिढ्या टिकलाय. तिथे जाऊन बोलून तरी बघा. तोपखान्याचं संग्रहालयही नाशिक रोड कॅम्पातच आहे, पण तिथे पदकं-गणवेश शोभतील. घरगुती पत्रांना लष्कराच्या संग्रहालयात जागा असावी का, हाच मला प्रश्न आहे. बैल आणि विहीर तिथे कोण वाचणार?

भगूरची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तरं देत बसले नाही, कारण मधल्या काळात घरात बरंच घडलं.

कोर्टकचेरी यांचा प्रतिसाद वाचून मी मिस्टरांना आणि भाच्याला गप्प केलं आणि सासूबाईंपुढे जुड्या ठेवल्या. म्हटलं, आई, कागद तुमचे आहेत, काय करायचं तुम्ही सांगा. म्हणाल्या, आधी वाच. माझी मुलगी वाचायला बसली (पंखा बंद करून, रेकॉर्डवाली!).

आम्हाला वाटलं रडतील. त्या चिडल्या! पासष्टच्या एका पत्रात मामंजींनी लिहिलंय की मी मजेत आहे, जेवण उत्तम आहे. त्या म्हणाल्या, "खोटं. दवाखान्यात होते तेव्हा. शेजारच्या गावचा पोरगा रजेवर आला तेव्हा कळलं मला." पुढच्या पत्रात "तुझं पत्र मिळालं, वाचून आनंद झाला" असं आहे. त्यावर म्हणाल्या, "आनंद कशाचा? मी चांगलं झाडलं होतं त्यात." आणि मग त्यांनी काय झाडलं होतं ते जवळजवळ शब्दशः सांगितलं. मुलीचा मोबाईल चालूच होता.

तेव्हापासून असं चाललंय : एक पत्र वाचायचं आणि त्याला आपण काय उत्तर पाठवलं होतं ते त्या सांगतात. सगळंच आठवत नाही. काही ठिकाणी "पुढचं घे" म्हणतात, आम्ही पुढचं घेतो. काही पत्रं त्यांनी बाजूला काढून आपल्या कपाटात ठेवली, किल्ली कमरेला. त्याबद्दल विचारायची दिरांचीही हिंमत नाही.

तर तूर्त ठरलंय ते असं. मूळ पत्रं त्या आहेत तोवर घरी. स्कॅन भाचा करतोय, शिक्क्यांसकट, नेटवर काही नाही. त्यांनी परवानगी दिलेल्या पत्रांच्या प्रती आणि रेकॉर्डिंग दोन्ही एकत्रच द्यायचं, एकाशिवाय दुसरं नाही. कुठे ते नंतर बघू. माहेर_सिन्नर, "अर्धा संवाद" हे तुमचे शब्द मी त्यांना वाचून दाखवले. म्हणाल्या, "अर्धा कसला, जास्तच बोलायचे मी."

टपालखुणा, दोन पत्रांवरचे शिक्के वाचता येत नाहीयेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. निवृत्त_तोपची, "ओ.पी. ड्यूटी" म्हणजे काय? दर दोन पत्रांआड आहे.

निवृत्त_तोपची

ऑब्झर्व्हेशन पोस्ट. तोफा मागे असतात, हे लोक पुढे इन्फंट्रीबरोबर जाऊन गोळा कुठे पडतोय ते बघून रेडिओवर सांगतात. धोक्याचं काम असतं. हे मात्र आईंना एकदम सांगू नका. किंवा सांगा, त्यांना माहीतच असेल.

सरळसोट

सासूबाईंची किल्ली कमरेला, म्हणजे माझाच मुद्दा सिद्ध झाला. बाकी छान. रेकॉर्डिंगचं कळवत राहा.

गावकुसाबाहेरून

रेकॉर्डवाली, तुम्हाला व्यनि केलाय. आजी नाही, पण तिची धाकटी बहीण मनमाडला आहे, नव्वदीच्या घरात. तीही काळारामाचं सांगते, वेगळं सांगते. येता का?

रेकॉर्डवाली

येते. तारीख सांगा. वेगळं सांगत असेल तर नक्कीच येते.

पिंपळगावकर_नवा

धागा वर काढतोय, थोडं अवांतर. आमच्याकडे पत्रं नाहीत, कॅसेट आहेत. वडील शांतिसेनेत श्रीलंकेला होते, १९८८ला. त्यांना लिहायचा कंटाळा, म्हणून कॅसेट भरून रजेवर येणाऱ्याच्या हाती पाठवायचे, आई त्यावर घरचं बोलणं भरून परत पाठवायची. त्यातल्या काही सापडल्या, टेपवर पांढरी बुरशी दिसतेय. जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करून लावून बघू का?

रेकॉर्डवाली

थांबा! लावू नका. बुरशी असलेली टेप चालवली तर टेपही खरवडते आणि हेडही खराब होतं, मग त्याच मशीनवर लावलेल्या पुढच्या कॅसेटलाही लागण. प्रत्येक कॅसेट वेगळ्या कागदी पाकिटात घालून कोरड्या जागी उभी ठेवा, मागच्या बाजूची दोन प्लॅस्टिकची टोकं मोडून टाका म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. टेप साफ करणारा जाणता माणूस गाठून आधी एक, कमी महत्त्वाची, करून घ्या.

आणि एक विचारते. आईने भरून पाठवल्या म्हणालात, म्हणजे एकाच कॅसेटवर पुसून पुन्हा भरायचे की वेगवेगळ्या?

पिंपळगावकर_नवा

एकाच. पैसे कुठे होते नव्या घ्यायला. पण आईचं बोलणं लांब असायचं आणि बाबांचं आखूड, त्यामुळे त्यांचं संपलं की पुढे आधीचं तिचं शिल्लक राहिलेलं ऐकू यायचं, असं ती सांगते.

माहेर_सिन्नर

कमी महत्त्वाची कॅसेट कोणती ते आईलाच ठरवू द्या.